मोड का काढायचे

औषधवाल्यांना मी शिकवलेलं आहे. हसू नका. मराठी पाचवीपर्यंत शिकलेली बाई मी, आणि नगरात एका रविवारी पंधरा-सोळा औषधवाले माझ्यासमोर बाकांवर बसून शक्तीचं सत्त्व कसं करतात ते बघत होते. दुकानदार होते, दवाखान्यांतले कंपाउंडर होते. मी सगळं दाखवलं, फक्त एक गोष्ट सांगायची राहिली. राहिली कसली, मी सांगितली नाही. त्या बाकांवर बसलेल्या एका माणसाच्या बायकोचा जीव त्या गोष्टीवर टांगलेला होता. मला तेव्हा काय ठाऊक, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःच्या मनाला सांगत आले. पण ते अर्धंच खरं आहे, आणि आता या वयात अर्धं खरं बोलून मला काय मिळवायचं आहे?

लढाईची वर्षं होती ती. माझे यजमान पलटणीबरोबर समुद्रापलीकडं गेलेले. त्यांचं पत्र आलं तर यायचं, त्यातल्याही निम्म्या ओळींवर काळी शाई फासलेली. सासरी माझं कुणी नव्हतं. माहेर काष्टीजवळच्या एका वाडीत, बाप ख्रिस्ती शेतकरी, बरड जमीन. म्हणून नगरला थोरल्या बहिणीकडं, आक्काकडं, येऊन राहिले होते. आक्काला मूल झालं आणि तिचं दूध आटलं. मग आई आमच्याकडं करायची तसं सत्त्व करून मी त्या पोराला पाजायला लागले. दोन महिन्यांत पोरगं असं गुटगुटीत झालं की आळीतल्या बाया बघायला यायच्या आणि जाताना दृष्ट काढा म्हणून सांगून जायच्या. आक्का म्हणायची, "आमच्यात दृष्ट न्हाई काढीत." तरी त्या कानामागं काजळाचं बोट लावूनच जायच्या.

आमच्या घरामागं एक गृहस्थ राहायचे. विलायती औषधांची आणि शक्तीच्या डब्यांची ठोक विक्री करायचे. बाळंतीण असो, तापातून उठलेलं माणूस असो, डॉक्टर तो पिवळा डबा लिहून द्यायचे. गरम दुधात दोन चमचे घालायचे की झालं. लढाईत बोटी बंद झाल्या आणि डबेही बंद झाले. गृहस्थांचं दुकान ओस पडलं. त्यांच्या बायकोनं आक्काचं पोर पाहिलं आणि घरी जाऊन सांगितलं. दुसऱ्या दिवशी ते स्वतः आले. चमचाभर सत्त्व जिभेवर ठेवलं, डोळे मिटले आणि म्हणाले, "बाई, हे तुम्ही मला करून द्याल का? जास्त प्रमाणात?"

तिथून कारखाना निघाला. कारखाना म्हणजे काय, माळीवाड्याकडं भाड्यानं घेतलेली पत्र्याची लांबडी खोली, पुढं अंगण, दळायची चार जाती, सहा बाया. मी त्या बायांवरची मुकादम. गृहस्थांना आम्ही मालक म्हणायला लागलो आणि ते मला 'अहो बाई'वरून 'अगं बाई'वर आले. त्याला आठ दिवससुद्धा लागले नाहीत.

पहिल्यांदा माल नाचणीचा करत होतो. नाचणी अकोले तालुक्यातल्या डोंगरातून यायची. मग धान्य इकडून तिकडं न्यायला बंदी आली आणि नाचणी मिळेना. मालकांनी विचारलं, "जोंधळ्याचं होतं का गं?"

म्हटलं, "हुतं. आमची आय जोंधळ्याचंच करती. पर मोड जपून काढावं लागत्यात."

"का?"

मग मी सांगितलं. आमच्या भागात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. जोंधळा कोवळा असताना, त्यातून पाण्याची ओढ बसलेला असला तर, त्यात विष असतं. गुरानं तोंड घातलं की त्याला किरळ लागते. तोंडाला फेस येतो, पाय लटपटतात आणि बघता बघता जनावर आडवं होतं. माझ्या बापाचा एक बैल असाच गेला. कापलेल्या धाटांना फुटवे आले होते, त्यात दावं तोडून शिरला. मी लहान होते. बाप त्याच्या मानेवर हात ठेवून बसला होता आणि बैल डोळे फिरवत होता, ते मला अजून दिसतं. आता दाण्याला फुटलेला मोड म्हणजे काय? कोवळा जोंधळाच की. म्हणून आई जोंधळा एक दिवस भिजवायची, फडक्यात बांधायची आणि मोडाचं टोक तिळाएवढं दिसलं की लगेच कडक उन्हात टाकायची. खडखडीत वाळलं की गोणपाटावर घासून मोड आणि मुळ्या सगळ्या झाडायची, सुपानं पाखडायची आणि तो कोंडा उकिरड्यात पुरून टाकायची. कोंबड्यांनाही घालायची नाही. सत्त्वाची पेज रटारटा उकळल्याशिवाय लेकराच्या तोंडाला लावायची नाही. आई म्हणायची, "नाचणीचं मोड माय हाय, जोंधळ्याचं मोड सवत हाय."

मालकांनी सगळं ऐकून घेतलं. ऐकायचे नीट, तेवढं मी त्यांच्या बाजूनं बोलेन. मग म्हणाले, "काढत जा. एकही राहता कामा नये. पण हे बाहेर बोलायचं नाही. खायच्या मालाच्या बाबतीत विष हा शब्द कुणाच्या कानावर गेला, की तो माल संपला."

मी मान डोलावली. मला ते पटलंसुद्धा. सहा बायांची पोटं त्या खोलीवर होती आणि सातवं माझं.

माल चांगला व्हायचा, पण औषधवाले तो ठेवून घेईनात. त्यांच्या फळीवर इंग्रजी चिठ्ठीच्या बाटल्या, आणि आमचा डबा म्हणजे त्यांना घरची पेज वाटायची. एकजण तर मालकांना तोंडावर म्हणाला, "उद्या भाकरी आणून ठेवाल आमच्या दुकानात." तेव्हा मालकांनी डोकं चालवलं. औषधवाल्यांना कारखान्यात बोलवायचं, माल कसा तयार होतो ते डोळ्यांनी बघू द्यायचं. बघितलं की पटेल, आणि पटलं की गिऱ्हाइकाला तेच समजावून सांगतील. कल्पना वाईट नव्हती. आजही मी म्हणेन, औषध विकणाऱ्याला डब्यात काय आहे आणि ते तसं का आहे हे कळलंच पाहिजे. हल्ली माझी सून शक्तीची पावडर आणते. मी दुकानदार पोराला विचारलं, बाबा, ह्यात काय घालतात? तर त्यानं डबा उलटा करून मागचं वाचून दाखवलं. वाचता मलाही येतं.

रविवार ठरला, कारण त्या दिवशी दुकानं बंद. माझी उपासना बुडाली. आक्का चिडली, पाळकसाहेब विचारतील म्हणाली. मालकांनी मला नेसायला पांढरं पातळ आणून दिलं, नर्शीसारखं, आणि बजावलं, "तू हातानं दाखवायचं. बोलायचं मी. अगदीच कुणी विचारलं तर तेवढ्यापुरतं. आणि ते हाय-न्हाई जरा सांभाळ."

माणसं आली. कुणाच्या डोक्यावर टोपी, कुणाच्या कोटाच्या खिशाला पेन. चारजण श्रीगोंद्याकडचे, दोघं पाथर्डीकडचे, बाकी नगरातले. मी परात पुढं घेतली, भिजवलेला जोंधळा दाखवला. एकानं विचारलं, किती वेळ भिजवता? मालक दाराशी कुणाला तरी बसवत होते. मीच बोलले, "लई येळ ठेवायचा न्हाई, आंबतो."

कापडबाजारातला एक जाडजूड दुकानदार होता. तो लगेच शेजाऱ्याकडं वळून म्हणाला, "लई येळ न्हाई बरं का!" आणि बाकांवर हशा पिकला. तसा कुणी मला मारलं नव्हतं की शिवी दिली नव्हती. पण माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या आणि जीभ टाळ्याला चिकटली ती चिकटलीच. बावीस वर्षांची होते मी. आज कुणी हसून तर बघावं.

हसला नाही तो एकच. पहिल्या बाकावर बसलेला, तिशीचा, सडपातळ, चष्मा लावलेला. त्यानं मांडीवर वही घेतली होती आणि मी जे जे करत होते ते आकडे घालून उतरून घेत होता. एक, निवडणे. दोन, धुणे. तीन, भिजवून बांधणे. मधेच उठून त्यानं फडक्याची गाठ किती सैल बांधली ते बोट घालून पाहिलं. "बाई, हवा लागली पाहिजे म्हणून का?" मी मान हलवली. त्यानं वहीत लिहिलं, 'कारण: हवा.' प्रत्येक कृतीपुढं तो 'कारण' लिहायचा. भिजवण्याचं कारण, उन्हाचं कारण, मंद भाजण्याचं कारण. असा विद्यार्थी एखाद्या मास्तरला जन्मात एकदा मिळतो, आणि मला तो माझं तोंड शिवलेलं असताना मिळाला.

मी गोणपाट अंथरलं आणि वाळलेला जोंधळा त्यावर घासायला लागले. मोड भुरभुर गळायला लागले. त्यानं हात वर केला. शाळेतल्यासारखा.

"बाई, एक शंका. मटकीचे मोड आपण मुद्दाम आणून खातो. दवाखान्यात डॉक्टरही सांगतात, मोडात ताकद असते. मग इथं मोड टाकून का देता? खरी शक्ती त्यातच नसेल का?"

बघा, कसा नेमका प्रश्न विचारला! बाकी सगळे चहाची वाट बघत होते. मी घासायची थांबले. उत्तर माझ्या ओठांवर होतं. किरळ लागते, एवढं म्हटलं असतं तर श्रीगोंद्याकडच्या निदान एकाला तरी ते कळलं असतं आणि त्यानं बाकीच्यांना सांगितलं असतं. मी तोंड उघडलं. मालकांनी माझ्याकडं पाहिलं. कापडबाजारवाल्यानंही पाहिलं, ओठ मुडपून, आता ही बया काय बोलते म्हणून. आणि माझ्या मनात काय आलं असेल? मालकांची भीती नव्हे हो, खरं सांगते. मनात आलं की मी आता 'किरळ' म्हणाले तर हा मेला म्हणेल, आम्ही काय गुरं आहोत का, आणि पुन्हा सगळे हसतील.

मी तोंड मिटलं. मालक पुढं होऊन म्हणाले, "रंग. मोड राहिले की सत्त्वाला काळपट रंग येतो. शिवाय किंचित कडसर लागतं. गिऱ्हाइकाला पांढरं स्वच्छ आवडतं."

तो चष्मेवाला "बरं" म्हणाला आणि वहीत लिहिलं. 'पाच, मोड काढणे. कारण: रंग.' मी समोर बसून ती अक्षरं उमटताना पाहिली. अक्षर फार सुंदर होतं त्याचं.

चहाच्या वेळी तो बशी हातात घेऊन माझ्याकडं आला. बाकीचे मालकांभोवती होते. काष्टीच्या एका डॉक्टरांकडं कंपाउंडर आहे म्हणाला. काष्टी म्हणजे माझ्या माहेरची बाजारपेठ, मला बरं वाटलं. पण हा मूळचा तिथला नव्हता; नगरच्या कोर्टामागच्या बोळात जन्मलेला, बाप कारकून, काष्टीला येऊन दोनच वर्षं झालेली. बाटलीवर कागदाची पट्टी कातरून डोसाच्या खुणा करायच्या, मिक्श्चर घोटायचं, हे त्याचं जग. शेत त्यानं एसटी नव्हत्या त्या काळच्या सर्व्हिस मोटारीच्या खिडकीतून पाहिलेलं.

"बाई," तो म्हणाला, "माझ्या घरून टायफॉईडमधून उठल्यात. तीन महिने झाले. उठून चूल पेटवली तरी धाप लागते. डॉक्टर म्हणतात डबा द्या, आणि डबा तर कुठं मिळत नाही. ह्यानं किती दिवसांत अंगावर मांस धरेल?"

"धरंल," मी म्हणाले. "महिनाभर द्या. चांगलं उकळून द्या." एवढं मात्र मी बोलले. ह्या एवढ्याशा गोष्टीवर मी पुढं कितीतरी दिवस स्वतःला समजावत बसले.

तो दोन डबे घेऊन गेला. दीड महिन्यानं त्याचं कार्ड आलं, कारखान्याच्या पत्त्यावर, 'सत्त्वाच्या बाईंस' असं लिहून. आराम पडतो आहे, घरून आता दोन घास भात खातात, आपले उपकार कसे फेडू. मालकांनी ते कार्ड चारचौघांना वाचून दाखवलं आणि मग छापायला दिलं. जाहिरातीच्या कागदावर त्याचं कार्ड जसंच्या तसं. माल झपाट्यानं खपायला लागला. नगरातलेच दुकानदार हातोहात उचलायचे, त्यात तो हसणारा पहिला. खेड्याकडं डबा पोचेना.

मग त्याचं दुसरं पत्र आलं. तीन ठिकाणी हेलपाटे घातले, डबा मिळत नाही. बायको पुन्हा खंगायला लागली आहे. त्या दिवशी आपण दाखवलेलं सारं माझ्या वहीत आहे, तर घरी करून दिलं तर चालेल का?

मालक म्हणाले, "उत्तर लिही. अक्षर तुझंच असू दे, त्याला बरं वाटेल." आणि सांगायला लागले: घरी करू नये. घरी केलेल्या मालाला कारखान्याच्या मालाची सर येत नाही. डबे लवकरच पाठवत आहोत. एवढं सांगून ते आत पाणी प्यायला गेले. कार्डाच्या खाली चांगली तीन बोटं जागा होती. टाक माझ्या हातात, दौत समोर. मला ती जागा दिसत होती. लिहावं असं मनात आलंही. पण म्हटलं, मोड काढायचे हे त्याला दाखवलंय की, वहीत आहे त्याच्या, तो कशाला ठेवील? मालक बाहेर आले, त्यांनी कार्ड घेतलं, फुंकर मारली आणि खिशात घातलं.

डबे पाठवले नाहीत. मी दोनदा आठवण केली. दुसऱ्यांदा म्हणाले, "कारखाना तुझा आहे की माझा?"

पुढं फाल्गुनात बाप आजारी म्हणून मी वाडीला गेले. दोन दिवसांनी काष्टीच्या बाजाराला गेले होते, बापासाठी जोडा घ्यायचा होता. काष्टीचा बाजार म्हणजे गुरांचा बाजार. वाट गुरांतूनच जाते. तिथं दोन-चार माणसं बैलाच्या आडोशाला बसून बोलत होती. मी पुढं निघून गेले असते, पण 'कंपाउंडर' हा शब्द कानावर आला आणि पाय थांबले.

"मागल्या म्हैन्यात दिसली हुती की त्याची बायकू आडावर. चांगली बोलत हुती."

"काय झालं म्हनं?"

"काय की. त्यानं कसलं तर शक्तीचं पीठ केल्तं घरी. दुधातनं दिलं. घटकाभरात डोळं फिरवलं, फेस आला. डाक्टर येस्तवर संपलं."

एक म्हातारा व्यापारी बैलाचे दात बघत होता. त्यानं बैलाचं तोंड सोडलं आणि विचारलं, "कशाचं पीठ?"

"जोंधळ्याचं. मोड आनून."

"मग किरळ लागली," म्हातारा म्हणाला. "येवढं बी ठाऊक न्हवतं व्हय त्या शिकल्या-सवरल्या मानसाला? कुनी सांगितलं न्हाई?" आणि त्यानं दुसऱ्या बैलाचं तोंड उघडलं.

माझ्या हातातली पिशवी खाली पडली. कुणी तरी उचलून दिली. नगरला गेल्यावर मालकांना सांगितलं तर ते काय म्हणतील, हे मला तिथंच उभ्या उभ्या कळलं होतं, आणि नंतर ते तेच म्हणाले: आपण तर काढूनच टाकायला सांगितलं होतं, अर्धवट ज्ञान, घरी करू नका असं लेखी कळवलं होतं. पुढच्या जाहिरातीवर त्यांनी 'नकली व घरगुती मालापासून सावध राहा' असं छापलं. चोर सोडून संन्याशाला सुळी. आणि मी? मी त्या कारखान्यात पुढं आणखी वर्षभर काम केलं. हे लपवत नाही.

पण त्या दिवशी मी परत फिरले नाही. विचारत विचारत त्याच्या घरी गेले. दवाखान्यामागची दोन खोल्यांची जागा. दार लोटलेलं होतं. तो भिंतीला टेकून बसला होता, दाढी वाढलेली, चष्मा कपाळावर. दहावा-बारावा होऊन गेला असावा. घरात दुसरं कुणी नव्हतं. मला बघून उठला. मी मनाची तयारी करून गेले होते की शिव्या देईल, हाकलून देईल. तो म्हणाला, "बाई, तुम्ही? बसा ना. बरं झालं आलात."

आणि त्यानं कोनाड्यातली वही काढली.

"मी हजार वेळा वाचलं," तो म्हणाला. "माझं कुठं चुकलं ते मला सापडत नाही. तुम्ही बघा. तुम्ही शिकवलंत, तुम्हालाच कळेल." आणि वही उघडून एकेक आकड्यावर बोट ठेवायला लागला. "निवडला. दोनदा निवडला. धुतला, तीन पाण्यांनी. गाठ सैल बांधली, हवेसाठी. पांढऱ्या फडक्यावर वाळवला, माशी बसू दिली नाही. बरोबर?"

"बरोबर," मी म्हणाले.

"मग हे पाच." बोट तिथं थांबलं. "हे मी केलं नाही, हे कबूल. पण ते रंगासाठी होतं. मला रंगाशी काय करायचं होतं, बाई? काळं होवो, कडू होवो, तिला ताकद आली पाहिजे होती. म्हणून मी मोड काढले नाहीत. उलट चार दिवस ठेवले. चांगले बोटभर लांब होऊ दिले. म्हटलं, जेवढे लांब तेवढी शक्ती. आणि उकळलं नाही, उकळून सत्त्व मरतं म्हणतात, म्हणून कोमट दुधात दिलं. गावातले लोक काहीतरी किरळ-किरळ म्हणतात. डॉक्टरांना विचारलं, ते म्हणाले गावंढळ समजूत असते ही. तुम्ही सांगा."

मला रडू आलं नाही. रडायला काय तोंड होतं मला? मी सांगितलं. बैलाचं सांगितलं, आईचं सांगितलं, उकिरड्यात पुरायचा कोंडा सांगितला. आमच्या भाषेत सांगितलं, हाय-न्हाई करून, जशी मी घरी बोलते तशी. मग त्यानं विचारलं, "त्या रविवारी ठाऊक होतं हे तुम्हाला?"

"व्हय," मी म्हणाले.

"पत्र लिहिलंत तेव्हा?"

"व्हय."

त्यानं चष्मा डोळ्यांवर ओढला, जागेवरून उठून दौत-टाक आणला, वही माझ्यासमोर ठेवली आणि पाचव्या आकड्यापुढं बोट ठेवलं. "कारण लिहा."

मी 'रंग' हा शब्द खोडला. त्याच्या सुंदर अक्षरावर माझी वेडीवाकडी रेघ उमटली. पुढं लिहिलं, 'जोंधळ्याच्या मोडात विष असते.' लिहायला वेळ लागला नाही. त्यानं वही उचलली, उजेडाकडं धरली आणि वाचली.

"एवढंच होतं?" त्यानं विचारलं.

"एवढंच," मी म्हणाले.